कॉलेजच्या वेबसाइटसाठी सीएमएस निवडताय? आधी नोटीस कोण टाकणार ते ठरवा

कॉलेजची साइट नवीन करायची ठरलं की पहिल्याच मीटिंगला प्रश्न येतो, सीएमएस (साइटवर मजकूर टाकायचं, बदलायचं आणि काढायचं सॉफ्टवेअर) कुठलं, वर्डप्रेस घ्यायचं की ड्रुपल? मग कोणीतरी दुसऱ्या कॉलेजची साइट मोबाइलवर उघडून दाखवतं, स्लायडर कसा हवा यावर अर्धा तास जातो, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं सॉफ्टवेअर ठरतं. मी अशा बऱ्याच मीटिंगांना बसलोय आणि मनापासून सांगतो, सुरुवात तिथून करू नका. कॉलेजची साइट डिझाइनमुळे क्वचित बिघडते, ती बिघडते कारण लाँच झाल्यावर सहा महिन्यांनी तिला कोणी हातच लावत नाही, जुन्या परीक्षेचं वेळापत्रक तसंच लटकत राहतं, आणि नवीन विद्यार्थी ते खरं मानून चालतो. म्हणून माझा निकष एकच, ऑफिसमधल्या साध्या माणसाला कोणालाही फोन न करता नोटीस टाकता आली पाहिजे, दुरुस्त करता आली पाहिजे आणि काढता आली पाहिजे. बाकी सगळं यानंतर.

पहिली पायरी: जुनी साइट मोजून घ्या

सीएमएसचं नाव काढायच्या आधी जुन्या साइटवरच्या सगळ्या पानांची यादी काढा. हाताने नको, क्रॉलर, म्हणजे साइटवरची पानं आपोआप धुंडाळणारं सॉफ्टवेअर, वापरा. स्क्रीमिंग फ्रॉग या क्रॉलरचं फुकट व्हर्जन ५०० यूआरएलपर्यंत (म्हणजे पानांच्या पत्त्यांपर्यंत) चालतं, साइट त्याहून मोठी असेल तर साइटमॅप (पानांची यादी असलेली फाइल) आणि सर्व्हरचे लॉग (कुठलं पान कधी उघडलं याच्या नोंदी) घ्या. यादी शीटमध्ये टाकून पुढे रकाने करा: हे पान कोणाच्या ताब्यात आहे, शेवटचं कधी बदललं, वर्षभरात किती जणांनी उघडलं, आणि ठेवायचं, दुसऱ्या पानात मिसळायचं की काढून टाकायचं.

यातला 'कोणाच्या ताब्यात' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो भरायला घेतला की लक्षात येतं, निम्म्या पानांना मालकच नाहीये. ज्या पानाला मालक मिळत नाही ते नवीन साइटवर न्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी प्राचार्यांकडून मंजूर करून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. या एका नियमाने पानं एवढी कमी होतात की पुढचं सगळं काम हलकं होतं.

दुसरी पायरी: पानं नाही, माहितीचे प्रकार लिहून काढा

हे जरा समजून घ्या कारण इथेच सीएमएसची खरी निवड होते. समजा एक प्राध्यापक आहेत, त्यांचं नाव विभागाच्या पानावर आहे, समित्यांच्या पानावर आहे, संशोधनाच्या पानावर आहे आणि हॉस्टेलचे रेक्टर म्हणून तिथेही आहे. चारही ठिकाणी हाताने टाइप केलेलं. त्यांचा नंबर बदलला की दोन ठिकाणी बदलतो आणि दोन ठिकाणी जुनाच राहतो. याच्याऐवजी 'प्राध्यापक' असा एक प्रकार केला, त्यात नाव, विभाग, पद, ईमेल, फोटो असे वेगळे रकाने ठेवले, आणि बाकीच्या पानांनी तिथूनच माहिती उचलली, तर बदल एकाच जागी करावा लागतो.

कॉलेजला साधारण हे प्रकार लागतात: कोर्स, विभाग, प्राध्यापक, नोटीस, कार्यक्रम, डाउनलोडचे फॉर्म. कोर्सचे रकाने नीट बसून ठरवा, म्हणजे कालावधी, पात्रता, जागा, फी, विषय, अर्जाची शेवटची तारीख, संपर्क. प्रवेश घेणारा मुलगा किंवा त्याचे पालक साइटवर येतात ते या सात गोष्टींसाठी, आणि बऱ्याच साइटवर नेमक्या याच सात गोष्टी एका लांबलचक परिच्छेदात नाहीतर पीडीएफमध्ये दडलेल्या असतात.

आता सीएमएसकडे बघा. ड्रुपलमध्ये असे प्रकार आणि रकाने बनवणं मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि त्यांच्या याद्या बनवणारं व्ह्यूज हे मॉड्यूल (जोडभाग) ड्रुपल ८ पासून कोअरमध्ये, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच, आलं, तेही २०१५ मध्ये. वर्डप्रेसमध्ये कस्टम पोस्ट टाइप आहेत, पण रकान्यांचे नीट फॉर्म हवे असतील तर अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्ससारखं प्लगइन (वरून जोडायचा भाग) किंवा थोडं कोड लागतं. वॅगटेल नावाच्या सीएमएसमध्ये हे सगळं डेव्हलपर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो, म्हणजे एकदा नीट लिहिलं की वापरायला एकदम सोपं, पण नवीन रकाना हवा झाला की परत डेव्हलपरकडे जावं लागतं.

तिसरी पायरी: माणसं आणि परवानग्या

कागद घ्या आणि लिहा, नोटीस कोण टाकणार, कोण तपासणार, कोण प्रसिद्ध करणार. पदं लिहू नका, प्रत्यक्ष माणसं लिहा, आणि त्यांच्याशी बोला. 'प्रत्येक विभाग आपापलं पान सांभाळेल' हे वाक्य मीटिंगमध्ये फार छान वाटतं पण विभागातल्या कोणाला ते काम सांगितलेलंच नसतं, वेळही दिलेला नसतो. अशा वेळी प्रत्येक विभागाला लॉगिन वाटण्यापेक्षा ऑफिसमधली दोन माणसं नीट तयार केलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण कॉलेज मोठं असेल, विभाग खरंच उत्साही असतील, तर परवानग्यांचा प्रश्न येतो. वर्डप्रेसमध्ये मुळात पाच भूमिका मिळतात: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्यूटर, सबस्क्रायबर. कॉन्ट्रिब्यूटर लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही, त्यामुळे 'क्लार्क लिहिणार, मॅडम तपासणार' एवढं सहज जमतं. अडचण अशी की एडिटर हा अख्ख्या साइटचा एडिटर असतो, म्हणजे रसायनशास्त्राचा एडिटर इतिहासाचं पान बदलू शकतो. विभागापुरती परवानगी हवी तर वेगळं प्लगइन, नाहीतर मल्टिसाइट, जे वर्डप्रेस ३.० मध्ये, २०१० साली कोअरमध्ये आलं आणि ज्यात प्रत्येक विभागाला स्वतःची छोटी साइट मिळते. मल्टिसाइट विद्यापीठाला शोभतं, पण आठ-दहा विभागांच्या कॉलेजने त्यात पडू नये, सांभाळायची कटकट वाढते आणि शोध घेणाऱ्याला एका जागी सगळं सापडत नाही.

जूमला या सीएमएसकडे लोक हल्ली बघत नाहीत, पण एक गोष्ट त्यात फार कामाची आहे, कॅटेगरीनुसार परवानगी कोअरमध्येच आहे, त्यामुळे रसायनशास्त्रवाल्यांना फक्त त्यांची कॅटेगरी देता येते. ड्रुपलमध्ये मसुदा, तपासणी, प्रसिद्धी असे टप्पे लावणारं कंटेंट मॉडरेशन कोअरमध्ये आहे, आणि परवानग्या माहितीच्या प्रकारानुसार वाटता येतात, पण विभागानुसार वाटायच्या तर ग्रुप किंवा वर्कबेंच अ‍ॅक्सेससारखं मॉड्यूल जोडावं लागतं.

अजून एक बारीक गोष्ट, जी कोणी विचारत नाही आणि नंतर रोज छळते. नोटीस ठरलेल्या तारखेला आपोआप *उतरली* पाहिजे. वर्डप्रेसमध्ये पुढची तारीख टाकून प्रसिद्ध करता येतं पण आपोआप काढून टाकायची सोय कोअरमध्ये नाही, प्लगइन लागतं. ड्रुपलला शेड्यूलर नावाचं मॉड्यूल जोडतात. जूमला आणि वॅगटेल दोन्हीत सुरुवातीची आणि संपायची तारीख मुळातच आहे. कॉलेजच्या साइटचं निम्मं काम तारखेला बांधलेलं असतं, म्हणून हे डेमोमध्ये आवर्जून विचारा.

चौथी पायरी: यादी तीनवर आणा

इथे मी माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

वर्डप्रेस २००३ पासून आहे, जगातल्या वेबसाइटपैकी ४० टक्क्यांहून जास्त त्याच्यावर चालतात, माणूस कुठेही मिळतो, शिकायला सोपं. लहान-मध्यम कॉलेजला बहुतेक वेळा हेच पुरतं. अट एकच, प्लगइन मोजून घ्यायची. मी एका साइटवर पन्नासच्या वर प्लगइन बघितली आहेत, त्यातली बरीचशी बंद पडलेली, आणि कुठलं काढलं तर काय मोडेल हे सांगणारा एकही माणूस तिथे उरलेला नव्हता.

ड्रुपल २००१ चं, त्याची सुरुवात अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बाउटार्टने हॉस्टेलमधल्या मित्रांसाठी केलेल्या मेसेज बोर्डातून झाली. माहितीचे प्रकार बरेच, भाषा दोन-तीन, परवानग्या गुंतागुंतीच्या, असं असेल तर ड्रुपल उत्तम. मात्र ते सांभाळायला जाणकार माणूस कायम लागतो, वर्षातून एकदा येणारा चालत नाही.

वॅगटेल हे जँगो या पायथनमधल्या चौकटीवर बांधलेलं, ते मुळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या साइटसाठी तयार झालं आणि २०१४ मध्ये सगळ्यांना खुलं केलं गेलं. संपादकाला दिसणारा स्क्रीन खूप स्वच्छ आहे. तुमच्या कॉलेजात पायथन येणारी पक्की टीम असेल तरच घ्या. टायपो-थ्री हे सीएमएस युरोपात, खास करून जर्मन विद्यापीठांमध्ये बरंच चालतं, पण आसपास ते येणारा माणूस नसेल तर नाव काढू नका.

ह्यूगोसारखे स्टॅटिक साइट, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांची साइट, बनवणारे प्रकारही आहेत, वेगवान आणि हॅक व्हायची भीती फार कमी, पण ऑफिसच्या माणसाला गिट (डेव्हलपर फाइलींचे बदल सांभाळायला वापरतात ते साधन) शिकवायचं म्हणजे नोटीस टाकणं थांबलंच म्हणून समजा. आणि महिन्याच्या भाड्यावर मिळणारे तयार साइट-बिल्डर घेताना एकच विचारा, उद्या सोडून जायचं ठरवलं तर माझी सगळी माहिती कुठल्या फॉरमॅटमध्ये बाहेर मिळेल? उत्तर गोलमोल आलं तर तिथेच थांबा.

मूडलला या यादीत घेऊ नका. ते ऑनलाइन शिकवण्यासाठीचं सॉफ्टवेअर आहे, बाहेरच्या लोकांसाठीची साइट त्यावर बांधली की दोन्ही कामं अर्धवट होतात.

पाचवी पायरी: खऱ्या माणसाला बसवून बघा

ही पायरी गाळली तर वरचं सगळं वाया. तीन सीएमएस टेस्ट सर्व्हरवर टाका, रंगरंगोटी नको, फक्त चार प्रकार आणि दोन भूमिका. मग ज्यांना पुढे काम करायचंय त्यांनाच बोलवा, तिघांना, एकेक करून. व्हेंडरचा माणूस खोलीत नको.

कामं द्या खरीखुरी. दोन पानी परीक्षा वेळापत्रक टाका. कालच्या नोटिशीतली तारीख चुकली, ती दुरुस्त करा. प्राध्यापकांचा फोटो बदला. चुकून खोडलेला परिच्छेद परत आणा. शुक्रवारी आपोआप निघून जाईल अशी सूचना लावा. आणि हेच एखादं काम मोबाइलवरून करून दाखवा.

एका ठिकाणी परीक्षा विभागातल्या मॅडम बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही नेहमी करता तसंच करा, मी मध्ये काही बोलणार नाही." त्यांनी वर्डमधून वेळापत्रकाचं टेबल कॉपी केलं, पेस्ट केलं, कॉम्प्युटरवर छान दिसलं. मग मोबाइलवर उघडलं तर पहिले दोन रकाने दिसतायत, विषय आणि तारीख, आणि वेळेचा रकाना स्क्रीनच्या बाहेर. त्या पटकन म्हणाल्या, "सर, मुलं तर मोबाइलवरच बघतात, त्यांना पेपरची वेळच दिसणार नाही." दोन तासांच्या मीटिंगमध्ये जे निघालं नव्हतं ते त्या एका वाक्यात निघालं. मग आम्ही वेळापत्रकाचा वेगळा प्रकार केला, विषय, तारीख, वेळ, खोली असे रकाने, आणि मोबाइलवर ते एकाखाली एक येतील अशी मांडणी. त्यानंतर वर्डमधून टेबल आणायची गरजच राहिली नाही.

बसून बघताना घड्याळ लावा आणि कुठे थांबतात ते लिहून घ्या, विशेषतः ते कधी मागे वळून तुमच्याकडे बघतात ते. तिघांपैकी दोघं जिथे अडकले ती जागा ट्रेनिंगने सुटेल असं समजू नका.

सहावी पायरी: मराठीतून टाकून बघा, आणि न बघताही वापरून बघा

साइट एकाच भाषेत असणार नसेल तर डेमो इंग्रजीत बघू नका. मराठी शीर्षक टाकलं की वर्डप्रेस त्यावरूनच यूआरएल बनवतं, आणि तो लिंक कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ दिसते, कारण देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तिथे नऊ अक्षरं खातं. स्लगची, म्हणजे यूआरएलमधल्या शीर्षकाच्या भागाची, मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं. उपाय सोपा आहे, यूआरएल रोमन लिपीत छोटा लिहायचा, पण ते आधीच ठरवून लिहून ठेवा. भाषांतराची सोय ड्रुपल आणि जूमलाच्या कोअरमध्ये आहे, वर्डप्रेसला प्लगइन लागतं.

दिसत नसलेल्या, कमी दिसणाऱ्या, माऊस न वापरू शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डब्ल्यूसीएजी (वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स) चे निकष आहेत, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. थीम (साइटचा तयार साचा) निवडायच्या आधी माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर प्रवेशाच्या पानापर्यंत पोचता येतं का ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि सही-शिक्का मारून स्कॅन केलेली नोटीस म्हणजे स्क्रीन रीडरसाठी (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कोरा कागद असतो. पीडीएफ हवं तर जोडा, पण मजकूर पानावर टाइप केलेला हवाच. हा हट्ट मी कधीच सोडत नाही, कारण ज्याला ती नोटीस वाचता येत नाही त्याचाही परीक्षेचा फॉर्म त्याच तारखेला बंद होतो.

सातवी पायरी: अपडेट कोण करणार

१५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली एक मोठी सुरक्षा त्रुटी जाहीर झाली आणि नंतर त्यांच्या सिक्युरिटी टीमने सांगितलं की ज्यांनी सात तासांच्या आत पॅच (त्रुटी बुजवणारा अपडेट) लावला नाही त्यांनी आपली साइट हॅक झाली असंच धरून चालावं. सात तास! तुमच्याकडे सुट्टीच्या दिवशी सात तासांत पॅच लावणारं कोण आहे, याचं नाव कागदावर हवं. वर्डप्रेस २०१३ पासून छोटे सुरक्षा अपडेट स्वतःच लावून घेतं, ते बंद करू नका.

आयुष्यही विचारा. ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, जूमला ३ चा ऑगस्ट २०२३ मध्ये. ड्रुपल ७ वरून ८ वर जाणं म्हणजे साइट जवळजवळ परत बांधणं होतं, आता पुढच्या उड्या तेवढ्या अवघड राहिल्या नाहीत. बॅकअप रोज, दुसऱ्या जागी, आणि तीन महिन्यांतून एकदा तो परत उभा करून बघायचा. उभा करून न बघितलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

निकालाच्या दिवशी सगळे एकाच वेळी येतात. निकाल, फी, प्रवेश अर्ज हे सीएमएसमध्ये घालू नका, त्यांची वेगळी सिस्टिम ठेवा आणि साइटवरून फक्त लिंक द्या. साइटसमोर कॅश किंवा सीडीएन (पानांची तयार प्रत ठेवून तीच दाखवणारी सोय) लावा. म्हणजे निकालाची सिस्टिम दमली तरी निदान 'निकाल चार वाजता' ही सूचना लोकांना दिसत राहते.

आठवी पायरी: किल्ल्या कॉलेजकडे

हे मी चांगलाच अनुभवलंय. एका संस्थेचं डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या वैयक्तिक ईमेलवर रजिस्टर केलेलं होतं, तो माणूस सोडून गेला, रिन्यूची सूचना त्याच्याकडेच जात राहिली आणि ऐन प्रवेशाच्या काळात साइट बंद, ईमेलही बंद. ते परत मिळवेपर्यंत पालक ऑफिसच्या दारात रांगा लावून उभे होते आणि उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. म्हणून करारातच लिहा: डोमेन, होस्टिंग, कोड रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा), अ‍ॅनालिटिक्स (साइट किती जण बघतात त्याची मोजणी), सगळं संस्थेच्या नावावर आणि पदाच्या ईमेलवर, माणसाच्या नाही. थीमचा कोड कॉलेजचा. काम संपल्यावर डेव्हलपरचा अ‍ॅडमिन लॉगिन बंद करायचा, अ‍ॅडमिनला दोन टप्प्यांचं लॉगिन लावायचं.

शेवटची पायरी: सामान हलवणं आणि लाँच

पहिल्या पायरीतली शीट आता परत काढा. जे पान राहतंय पण पत्ता बदलतोय त्याला ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय), एकेकाला, सगळ्यांना होमपेजवर ढकलू नका. छापलेल्या माहितीपत्रकांवरचे आणि क्यूआर कोडमधले पत्ते वेगळे शोधून घ्या, ते क्रॉलरला सापडत नाहीत. मजकूर हलवताना तसाच कॉपी न करता मालकाकडून वाचून घ्या.

प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात लाँच करू नका, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच. लाँचच्या दिवशी वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमधली सर्च इंजिनला मनाई करणारी खूण काढलीय का ते बघा, टेस्ट साइटला लावलेली ती खूण तशीच राहते आणि मग कॉलेज गुगलवर सापडत नाही म्हणून दोन आठवड्यांनी फोन येतात. पुढचा महिनाभर रोज सकाळी ४०४ ची ('पान सापडलं नाही' या चुकीची) यादी उघडा, जे पत्ते लोक शोधतायत आणि सापडत नाहीयेत ते त्याच दिवशी जोडून टाका. आणि परीक्षा विभागातल्या मॅडमना पहिली नोटीस स्वतः टाकू द्या, तुम्ही शेजारी बसा, पण माऊसला हात लावू नका.